मयताहून परतताना सिमांगची लोमी

सिमांग माकातांगायने उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला ‘पुन्हा या’ म्हटलेलं नाही. उद्धट म्हणून नव्हे. उद्धट ती आहेच, पण कारण ते नाही. तिच्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक कोणाच्या तरी मयताहून परतणारं असतं, आणि अशा माणसाला ‘पुन्हा या’ म्हणणं म्हणजे त्याच्या घरातलं आणखी एक माणूस आधीच मोजून ठेवणं. तीस वर्षं ती लोमीचा वाडगा पुढे ठेवते, खाऊन झाल्यावर उचलते आणि पाठ फिरवते. फिलिपिन्समधल्या सांतोलान गावात याला चांगल्या चालीरीतीचं दुकान म्हणतात.

मयत आठवडाभर फुलांत ठेवलेलं असतं. लोक येतात, कॉफी पितात, रडतात, पत्ते खेळतात, हरले की पुन्हा रडतात. घरचे कोणाला दारापर्यंत सोडायला येत नाहीत आणि आल्याबद्दल आभारही मानत नाहीत. तिथून उठलेला माणूस थेट घरी गेला तर मेलेला त्याच्या मागोमाग घरात शिरतो, म्हणून वाटेत कुठेतरी टेकायचं, काहीतरी खायचं आणि अंगाला चिकटून आलेलं सगळं तिथंच झटकून पुढे जायचं. हा पागपाग. सांतोलानची माणसं आपलं झटकलेलं सिमांगच्या बाकांवर सोडून जातात. कोणी तिला विचारलं, एवढी भुतं दुकानात राहतात, भीती नाही वाटत? तर ती म्हणते, “बाक कोणी फुकट अडवून बसू शकत नाही. मी ऑर्डर विचारते. निघून जातात.”

दुकान म्हणजे पत्र्याखाली चार बाकं आणि एक भलंमोठं पातेलं. जाड नूडल्स, चमचा उभा राहील असा घट्ट रस्सा, वर कलेजी, डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा, कच्चा कांदा आणि बोराएवढी आंबट कालामान्सी पिळायला. दुकान चालायचं, कारण समोरच गावाचं चॅपल होतं. ज्यांच्या घरात शवपेटी मावत नाही त्यांची मयतं तिथे. पण दोन वर्षांपूर्वी चॅपल नव्या हमरस्त्यावर गेलं आणि त्याला लागून एक कॉफीचं दुकान उघडलं. काचेची दारं, गुबगुबीत खुर्च्या, थंडगार हवा. मयताहून उठलेली माणसं दहा पावलांवर पागपाग उरकू लागली.

“थंड हवेत कधी काही झटकलं जातं का?” सिमांग म्हणायची. “घाम फुटल्याशिवाय अंगावरचं उतरत नाही. ती माणसं आपापलं भूत कॉफी पाजून घरी नेतायत.”

म्हणणं बिनतोड होतं. पण ऐकायला बाकांवर कोणी नव्हतं.

जागा तिच्या भावाची. इसिद्रो माकातांगाय, गाव आदराने म्हणायचं ताता दोरो, वय सत्तर. बापाने मरताना रस्त्याकडेची जागा थोरल्याच्या नावावर केली आणि धाकटीला पातेलं दिलं. दोरोने चाळीस वर्षं जीपनी, म्हणजे इथली प्रवासी जीप, चालवली. दुकान निघाल्यापासून रोज पहाटे पहिली फेरी काढण्याआधी तो सिमांगच्या पहिल्या बाकावर बसून लोमी खायचा. सहा वर्षांपूर्वी गाडी विकली आणि दुकानात यायचाही थांबला. गाडीच काढायची नाही तर पहाटे उठून खायचं कशाला, एवढंच त्याचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या तोंडून एकदा शब्द गेला की तो जीपनीइतकाच मागे फिरायला नाखूश असायचा.

नाताळच्या जेवणात त्याने तसा एक शब्द सोडला. “सिमांग, दुचाकीच्या सुट्या भागांचा व्यापारी जागा मागतोय. मेच्या जत्रेपर्यंत तुझं दुकान हलतं-डुलतं दिसलं तर बघू. नाहीतर मी त्याला हो म्हणणार.”

“आणि मी काय करू, कुया?” थोरल्या भावाला ती कुयाच म्हणायची.

“एकसष्ट वर्षांची आहेस. बस की घरी.”

सिमांगने घरी बसून पाहिलंय. नवरा गेल्यावर नवव्या दिवशी ती दुपारभर बसली होती आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या तिघींशी भांडण झालं होतं. दुकान गेलं तर आपण फार दिवस टिकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण भावासमोर रडायचं नाही हेही तिने लहानपणीच ठरवलेलं होतं, म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

जानेवारीत गावच्या हॉलात पाटी लागली: ‘छोट्या धंद्याची स्वतःची वेबसाइट, फुकट, वय पन्नासच्या पुढे.’ शिकवणार मॅम व्हर्जी, निवृत्त शिक्षिका, जिने निम्म्या गावाचे कान पिळले होते आणि उरलेल्या निम्म्याच्या आईबापांना शाळेत बोलावलं होतं. वर्गाला सिमांग आणि आणखी दोघी आल्या. त्या दोघी हॉलातल्या पंख्यासाठी आल्या होत्या.

“एक फुकटचा ब्लॉग घ्यायचा आणि त्याचीच वेबसाइट करायची,” मॅम व्हर्जी म्हणाल्या. “साचा तयार असतो. आपण नाव, फोटो, पत्ता घालायचा. आणि दर शुक्रवारी सकाळी सहा वाजता एक नवी पोस्ट. न चुकता. लोकांना सवय लागली पाहिजे. सिमांग, लिहून घे.”

“पाठ झालं, मॅम.”

“चौथीतही हेच म्हणायचीस.”

‘आमच्याविषयी’ हे पान लिहायला सिमांगला अकरा दिवस लागले. ते तिच्या आजोबांच्या बाप्तिस्म्यापासून सुरू होत होतं आणि चौथ्या पानावरसुद्धा लोमीचा पत्ता नव्हता. मॅम व्हर्जींनी लाल पेन काढलं, मग आठवलं की पडद्यावर लाल पेन चालत नाही, आणि सगळं बोटाने पुसून टाकलं. उरल्या तीन ओळी: काय मिळतं, कुठे, किती वाजेपर्यंत.

“माणसाला भूक लागलेली असते,” त्या म्हणाल्या. “आजोबांना तो नंतर भेटेल.”

फोटोचंही तसंच. सिमांगने जत्रेचा झालरीचा पोशाख घातला, ओठ रंगवले, हात कमरेवर ठेवला आणि पातेल्याशेजारी उभी राहिली. फोटोत पातेल्याचा एक कान तेवढा आला होता.

“तुला लोमी विकायचीय की लग्न जमवायचंय?”

“दोन्ही जमलं तर काय वाईट, मॅम?”

शेवटी वाडग्याचा फोटो लागला, वाफेसकट. नकाशा लागला, फोन नंबर लागला. पण साच्याच्या तळाशी एक ओळ होती, ती आपोआप आली होती: ‘भेटीबद्दल धन्यवाद. पुन्हा या.’ सिमांगने ती वाचली आणि हातातला फोन टेबलावर उपडा घातला.

“हे काढा.”

“अगं, सगळ्यांच्या वेबसाइटवर असतं.”

“सगळे मयताच्या गिऱ्हाइकाला जेवू घालत नाहीत. आभार मानायचे? आणि वर पुन्हा या? मॅम, उद्या तुमच्या घरी काही झालं तर मी तुम्हाला हे म्हणू का?”

मॅम व्हर्जींनी छातीवर क्रूस काढला आणि ओळ बदलायला बसल्या. पाऊण तास खपल्यावर तिथे आलं: ‘इथेच झटका. सरळ घरी जा.’ मग त्याच ओघात सिमांगने दुकानाचं नावही बदलून टाकलं. आधी नुसतं ‘सिमांगची लोमी’ होतं. आता वर मोठ्या अक्षरांत आलं: ‘मयताहून परतताना सिमांगची लोमी.’

पहिल्या महिन्यात वेबसाइटला एकोणीस भेटी झाल्या. त्यातल्या पंधरा सिमांगच्या स्वतःच्या. दोन मॅम व्हर्जींच्या.

“लोकांच्या मनाने विचार कर,” मॅम व्हर्जी म्हणाल्या. “लोक फोनवर काय शोधतात?”

“माझ्या वयाचे चष्मा शोधतात.”

“तुझं गिऱ्हाईक काय शोधतं ते बघ. जे शोधतात ते शब्द पोस्टच्या मथळ्यात हवेत. नाहीतर तू जगातली सगळ्यात छान वेबसाइट केलीस तरी काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

उत्तर आपल्या पायांनी दुकानात आलं. मनिलाकडचं एक जोडपं गाडी थांबवून उतरलं. काळे कपडे, हातात फोन. “काकू, कासियानो बिस्काइनो यांचं मयत कुठे ठेवलंय? नाव टाकून टाकून दमलो, काहीच येत नाही.”

सिमांगने वाट सांगितली. गाडी गेल्यावर ती हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. कास्यो शिंपी मेला होता, आणि सगळे जण फोनमध्ये त्याचं नाव टाकत होते. ‘लोमी’ कोणी टाकत नव्हतं.

त्याच दुपारी तिने लिहायला घेतलं. काय लिहिणार? कास्योच्या घराण्याबद्दल तिला फारसं ठाऊक नव्हतं. त्याने तिची एक चोळी बिघडवली होती, पण मेलेल्याबद्दल वाईट लिहायचं नसतं. तिला माहीत होतं फक्त तो कसा खायचा. तेच लिहिलं. ‘कासियानो बिस्काइनो यांचा वाडगा. अंडं फोडून लगेच ढवळायचे, शिजू द्यायचे नाहीत. मिरची नको म्हणायचे आणि अर्ध्यात मागायचे. शेवटचा घोट वाडगा तोंडाला लावून. त्यांचं मयत चुनाभट्टीमागच्या घरात आहे, शनिवारपर्यंत. परतताना हाच वाडगा माझ्याकडे मिळेल.’

दुसऱ्या दिवशी भेटींचा आकडा दोनशेवर गेला आणि सिमांगला वाटलं फोन बिघडला. संध्याकाळी ते मनिलाचं जोडपं आलं, सोबत सात नातेवाईक. कास्योची मुलगी पहिल्या बाकावर बसली. “बाबांचा वाडगा द्या,” म्हणाली. अर्धा खाऊन झाल्यावर तिने मिरची मागितली आणि मग तिला रडू कोसळलं. सिमांगने आणखी एक अंडं फोडून तिच्यापुढे ठेवलं. पोरीने तेही संपवलं, नाक पुसलं, रांगेत उभं राहून सगळ्यांनी कपडे झटकले आणि सरळ घरी गेले.

तिथून दुकान पालटलं. गावात कोणी गेलं की दोन दिवसांत त्याचा वाडगा वेबसाइटवर यायचा. कोण कलेजी वेचून बाजूला काढायचा, कोण दुसऱ्याच्या वाडग्यातला कांदा पळवायचा, कोण ‘अर्धाच दे’ म्हणून दोन खायची. दुबईला गेलेली पोरं तिकडून वाचायची आणि इकडच्या चुलत भावांना सांगायची, जा, आजीचा वाडगा खाऊन ये. कॉफीच्या दुकानात हवा थंडच होती, पण तिथे कोणाच्या आजीला ओळखणारं कोणी नव्हतं. म्हातारी माणसं तर सावध होऊन जेवू लागली. सिमांग बघत असली की पाठ ताठ करायची, तोंड पुसायची, नाहीतर उद्या हीच बाई लिहील.

“शुक्रवारची पोस्ट शुक्रवारी बसून लिहू नकोस,” मॅम व्हर्जींनी पुढचा धडा दिला. “सोमवारी लिहायची आणि तारीख-वेळ लावून ठेवायची. शुक्रवारी सहा वाजता ती आपली आपण बाहेर पडते. तू कुठेही अस.”

“कुठेही?”

“तू मेलीस तरी पडेल.”

सिमांगला हे फार आवडलं. कांदे आदल्या दिवशी सोलून ठेवण्यातलाच हा प्रकार होता.

एवढं सगळं होऊनही दोरो मात्र हलेना. मार्चमध्ये ती त्याच्या ओसरीवर जाऊन म्हणाली, “कुया, बाकं भरतात आता. येऊन बघ.”

“ऐकलंय. पण तू यायला उशीर केलास. मी त्या व्यापाऱ्याला शब्द दिला.”

“जत्रेपर्यंत थांबणार होतास ना?”

“तो फेब्रुवारीत आला. नवा पंखा घेऊन आला. तुझं तेव्हा काही हलत नव्हतं.” त्याने डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं नाही, पण पंखा तिथेच फिरत होता. “शब्द गेला, सिमांग. आता मी काय करू? इसिद्रो माकातांगायने शब्द फिरवला असं गावाने म्हणायचं?”

गाव काय म्हणेल यापुढे दोरोला देवही लहान होता. सिमांग घरी आली आणि दोन दिवस कोणाशी भांडली नाही, तेव्हा शेजारणींना काळजी वाटू लागली.

ईस्टर झाल्यावरच्या सोमवारी दोरो अंगणात कोसळला आणि त्याला इस्पितळात नेलं. मंगळवारी पाद्री येऊन, मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेला. डॉक्टर म्हणाले, बुधवार निघाला तर खूप. सून नेनिताने ट्रंकेतून पांढरा सदरा काढून इस्त्री करायला घेतला. सिमांग भावाच्या पायाशी तासभर बसली. तो श्वास घ्यायचा आणि पुढचा विसरल्यासारखा थांबायचा. तिच्या मनात जागा नव्हती, व्यापारी नव्हता. पहाटेच्या अंधारात जीपनीचे दिवे दुकानावर पडायचे आणि ‘चूल पेटली का गं?’ अशी हाक यायची, तेवढं एक होतं.

मग ती घरी आली आणि लिहायला बसली. आठवडाभर मयताचा स्वयंपाक तिच्याच अंगावर पडणार होता, नंतर वेळ कुठला? लिहिता लिहिता चष्मा तीनदा पुसावा लागला. मेलेल्याबद्दल चांगलंच लिहायचं, हा रिवाज. आणि हा तर तिचा कुया. तिने तारीख लावली, शुक्रवार सकाळी सहा, आणि फोन उशीखाली ठेवला.

बुधवारी दोरोने डोळे उघडून कॉफी मागितली. गुरुवारी तो नेनितावर ओरडला, की सदऱ्याची कॉलर करपवलीस. डॉक्टरांनी नळ्या काढल्या आणि हे आपल्या औषधाने झालं की तेलाने, यावर पाद्र्याशी वाद नको म्हणून त्याला घरी पाठवून दिलं. सिमांगने नवस बोलला होता. शुक्रवारी पहाटे पाचला ती पहिल्या गाडीने शेजारच्या गावच्या चर्चमध्ये गेली, फोन बंद करून दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर सरकली आणि मेणबत्त्या लावल्या. पोस्ट? त्या आनंदात पोस्ट कोणाच्या लक्षात राहणार? सहाचे टोले पडले तेव्हा ती डाव्या गुडघ्यावर होती.

दहाला ती परतली तर दुकान गच्च भरलेलं. मॅम व्हर्जींनी चूल पेटवून पातेलं चढवलं होतं आणि त्या शाळेतल्यासारख्या रांगा लावत होत्या. बाकांवर, दगडांवर, कठड्यावर माणसं, सगळी काळ्या कपड्यांत.

“कोण गेलं?” सिमांगने विचारलं.

कोणीच तिच्याकडे बघेना. कोपऱ्यातून आवाज आला, “एक ताता दोरोचा वाडगा, मॅम. कांदा जास्त.”

सिमांगला वाटलं, आपण तिकडे मेणबत्त्या लावत होतो आणि इकडे कुया गेला. तिने खांब धरला.

“नाही, नाही, सिमांगकाकू,” एक सुतार घाईने उठला, “बरे आहेत ते. पेज खातायत.”

“मग हे काळे कपडे?”

“तुम्हीच तर लिहिलंत.” त्याने फोन तिच्यापुढे धरला. “आम्ही सकाळी वाचलं आणि निघालो. मी मांडवाचे बांबू नेले. हिने फुलं नेली. ते दोघं पत्त्यांचं टेबल घेऊन गेले. बघतो तर ओसरीवर ताता दोरो.”

“मग?”

“मग काय? ते म्हणाले, कोणाला भेटायला आलात? मी म्हटलं, तुम्हालाच. ते म्हणाले, एवढी फुलं? आता यावर माणूस काय बोलणार? मी म्हटलं, अंगणात लावा.”

“नेनिताने आम्हाला बघून रडायला सुरुवात केली,” फुलंवाली म्हणाली, “तिला बघून आम्ही रडलो. आम्हाला वाटलं तिला ठाऊक असेल.”

“मेलेला नाही तर पागपाग कशाला?” सिमांगने विचारलं. काहीही झालं तरी मुद्दा तिच्या धंद्याचा होता.

यावर मात्र दुकानात तट पडले. सुताराचं म्हणणं, मेलेलाच नाही तर मागे लागणार कोण? फुलंवालीचं म्हणणं, आपण घरातून मयताला म्हणून निघालो, तिथे मेणबत्ती लावली, रडलो, आता फक्त मेलेला जिवंत आहे एवढ्यासाठी धोका कशाला पत्करायचा? टेबलवाले म्हणाले, आम्ही तर एक डावसुद्धा खेळलो. मॅम व्हर्जींनी निवाडा दिला, की संशय असेल तिथे खाऊन घ्यावं. झालं, आणखी सहा वाडग्यांची ऑर्डर पडली.

सिमांगने फोन हातात घेऊन स्वतःचंच लिहिलेलं वाचलं.

‘इसिद्रो माकातांगाय यांचा वाडगा. रस्सा घट्ट, कांदा भरपूर, दोन कालामान्सी. कलेजी नको म्हणायचे. मी तरी घालायची. मग ती बाकाखालच्या कुत्र्याला द्यायचे आणि ते मला दिसत नाही असं त्यांना वाटायचं. पहाटे चारला पहिलं गिऱ्हाईक तेच. ही जागा त्यांची होती. ती त्यांनी मला दिली आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. असा भाऊ सगळ्यांना मिळो.’

शेवटून दुसऱ्या ओळीपाशी तिची पाचावर धारण बसली. कुया जिवंत होता, आणि त्याने न दिलेली जागा तिने त्याच्या नावाने घेऊन गावभर वाटली होती. काही जण आजही म्हणतात, बाई पोचलेली, तारीख मुद्दाम लावली. ज्यांनी तिचा त्या वेळचा चेहरा पाहिला ते असं म्हणत नाहीत.

तेवढ्यात भाड्याची ट्रायसिकल रिक्षा येऊन थांबली आणि नेनिताच्या खांद्यावर हात टाकून ताता दोरो उतरला. अंगात तोच पांढरा सदरा, करपलेल्या कॉलरचा.  पहिल्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

“बाबा ऐकत नाहीत,” नेनिता रडवेल्या आवाजात म्हणाली. “म्हणतात, घरात मयत झालंय असं गावाने ठरवलं, तर मलाही कुठेतरी टेकून आलं पाहिजे.”

दोरो बसला. तसा सुतार पुढे आला आणि मान म्हणून त्याचा हात आपल्या कपाळाला लावून म्हणाला, “ताता दोरो, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. एवढी मोक्याची जागा बहिणीला देऊन टाकलीत आणि कधी तोंडातून शब्द नाही.”

“पाद्री येत्या रविवारी प्रवचनात तुमचं नाव घेणार आहेत,” फुलंवाली म्हणाली. “भाऊ असावा तर असा, म्हणाले.”

“सकाळपासून हेच ऐकतोय,” दोरो म्हणाला.

“आणि तो सुट्या भागांचा व्यापारी,” नेनिता हळूच म्हणाली, “तोही आला होता. म्हणाला, मला माफ करा, दिलेली जागा मी मागत होतो. हमरस्त्यावर बघतो म्हणाला. पंखा राहू दे म्हणाला.”

दोरोने खिशातून चष्मा काढला, हात पुढे केला. सिमांगने फोन दिला. तो सावकाश वाचत राहिला, ओठ हलवत, एकेक ओळ. कोणी नूडलसुद्धा ओढेना.

“हे तू लिहिलंस?”

“हो, कुया.”

“मी मेलो म्हणून?”

“हो, कुया.”

“चूक लिहिलंयस.”

सिमांगने मान खाली घातली. “माहीत आहे.”

“लिहिलेलं सुधारता येतं का?”

“येतं. एका बटणात.”

“मग सुधार.”

तिने फोन परत घेतला. बोट त्या ओळीवर नेलं, ‘ती त्यांनी मला दिली’ या शब्दांवर. तीस वर्षं. बरं, निदान एक सकाळ तरी गावाने खरं मानलं.

“काय सुधारू?” तिने विचारलं.

दोरोने सगळ्या दुकानाकडे पाहिलं. काळ्या कपड्यांतली चाळीस माणसं त्याच्याकडे, म्हणजे भाऊ असावा तर अशा माणसाकडे, बघत होती. मग त्याने समोरच्या ताटलीतली कालामान्सी उचलली, एक, दुसरी, आणि वाडग्याच्या जागेशेजारी ओळीने मांडली. त्यांच्यापुढे आणखी एक ठेवली.

“दोन नाहीत. तीन. इतकी वर्षं खाल्ली, एवढं लक्षात राहू नये?”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं गावाने वाचलंय. आता मी काय करू?”

सिमांगने दोनाचे तीन केले. बटण दाबलं. मग डोळे पुसण्यासाठी पातेल्याच्या वाफेत तोंड घातलं, रस्सा वाढला, कांदा भरपूर घातला आणि न विचारता वर कलेजी ठेवली.

“डॉक्टर पेज म्हणालेत,” नेनिता म्हणाली.

“पेजच आहे ही,” दोरो म्हणाला. “जाड.”

त्याने तिन्ही कालामान्सी पिळल्या. कलेजीचा तुकडा चमच्यात घेऊन तो सवयीने बाकाखाली वाकला. ते कुत्रं मरून पाच वर्षं झाली होती. दोरो क्षणभर तसाच थांबला, वर आला, आणि ती स्वतःच खाल्ली.